थांबलेल्या हृदयाचा श्वास

शस्त्रक्रियेत हृदय थांबवलं की त्याचं काम करणारं यंत्र ती चालवायची. त्याचं तिला आता काही वाटेनासं झालं होतं. त्या सकाळी आत शिरताना बाहेरच्या बाकावरच्या बाईनं तिला थांबवलं. टेबलावर घेतलेली पेशंट या बाईची थोरली बहीण.

"ताई, हृदय बंद ठेवणार म्हणे. तेवढा वेळ त्याला हवा कोण देतं?"

"अंगाला यंत्र देतं. हृदयाला मात्र कुणी नाही. गार करून निजवतो त्याला. रक्त सोडलं की उठतं."

"म्हणजे ते तेवढं उपाशीच," बाई स्वतःशीच म्हणाली. "आजवर तिनंच मला सगळं पुरवलं. आज मी देते."

धीर धरायला माणसं काहीबाही बोलतात. ती हसून आत गेली.

महाधमनीला चिमटा लागला, रक्त अडलं. हृदयाच्या स्नायूत खोवलेल्या बारीक तारेमुळे तिथला ऑक्सिजन पडद्यावर दिसत होता. आकडा नेहमीसारखा उतरत तळाला गेला. आणि मग... सावकाश चढू लागला.

"चिमटा सैल झालाय का?" सर्जननी हळूच विचारलं.

"नाही सर. घट्ट आहे."

तार बदलली. आकडा चढतच राहिला. हृदय निपचित, गार, आणि तरी कुणीतरी त्याला घास भरवत असल्यासारखं... सर्जन पुढच्या कामाला लागले. हृदयाची नवी झडप बसली, चिमटा निघाला, आणि हृदय आपलं आपण चालू लागलं.

बातमी सांगायला ती बाहेर आली. धाकटी तशीच बसली होती. ओठ जांभळे, हात बर्फ. तिनं घाईनं धाकटीच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, हाका मारून सिलिंडर आणवला, मास्क चढवला. छाती नीट वरखाली होत होती. आकडा मात्र उतरतच होता.

धाकटीनं मास्क जरासा बाजूला केला.

"तिला सांगा ना... तिचं रक्त सुरू झालंय आता." थोडं थांबून म्हणाली, "ती सोडत नाहीये."

ती आत धावली. थोरली गाढ गुंगीत होती, गालांवर लाली आलेली. शेजारी दोन नर्स तिच्या उजव्या हाताशी झटत होत्या.

"बघा ना," एक जण म्हणाली, "कुणाचं तरी मनगट धरल्यासारखी बोटं आवळलीत. उघडतच नाहीत."