आतून लागलेली कडी

ही गोष्ट माझ्या कानावर आलेली नाही. त्या दाराबाहेर मी स्वतः उभी होते.

दादा म्हणतो, लिहू नकोस. वहिनी म्हणते, लिहून टाक, निदान तुझ्या डोक्यातून तरी जाईल. म्हणून लिहितेय. नावं मात्र कोणाचीच घेणार नाही.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. रविवार होता. बाहेर डोळे दिपतील असं ऊन होतं.

माझा दादा दातांच्या कवळ्या बनवतो. एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्याची एका खोलीची लॅब आहे. एकच दार. एकच खिडकी, तिलाही गज. जिकडे हात लावाल तिकडे प्लास्टरची पांढरी पूड. फळीवर ओळीने लोकांचे जबडे मांडलेले. बाकीची सगळी ऑफिसं, त्यामुळे रविवारी इमारतीत चिटपाखरू नसतं.

तिथे आम्ही तिघं होतो. दादा, मी आणि वकील.

वकील हा वकील नाही. विमा कंपनीत कामाला आहे. पण वाद घालायला लागला की समोरच्याला घाम फोडतो, म्हणून सगळे त्याला वकील म्हणतात.

आम्हा तिघांना एकच वेड होतं... ‘मुक्कामी’.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ‘मुक्कामी’ ही आमच्या लहानपणची खुनाच्या सिनेमांची मालिका. चार भाग आले. त्यातला खुनी दार फोडून घरात येत नाही. तो आधीच घरात असतो. बाहेर काहीतरी आहे म्हणून माणसं घाबरून घरात पळतात, दार लावतात, हुश्श करतात...

आणि मागे कडी लागल्याचा आवाज येतो.

चेहऱ्यावर प्लास्टरच्या पट्ट्यांचा मुखवटा. बोलणं नाही. धावणं नाही. पहिले दोन भाग भन्नाट, तिसरा ठीकठाक, आणि चौथा इतका भिकार की आम्ही चाहतेसुद्धा त्याचं नाव काढत नाही.

चौथ्यानंतर सगळं बंद पडलं. मुखवट्यामागे कोण होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. श्रेयनामावलीत ‘मुक्कामी’च्या पुढे जागा कोरी. कोणी म्हणायचं, तो परदेशी गेला. कोणी म्हणायचं, त्या काळी रोज सकाळी थेट त्याच्या चेहऱ्यावरच पट्ट्या बांधायचे, आणि चौथ्या भागाच्या वेळी तो आतच गुदमरला.

दादा हे ऐकून हसायचा. “पब्लिकला काहीतरी मसाला लागतोच.”

त्या वर्षी बातमी आली. एक कंपनी ‘मुक्कामी’ परत आणणार.

आमच्या ग्रुपवर नुसती धुमाळी माजली. कोणी आनंदाने वेडे झाले, कोणी आधीच सुतक धरलं. दादा पहिल्यांतला. वकील दुसऱ्यांतला.

“वाट लावणार हे लोक,” वकील त्या दुपारी लॅबमध्ये शिरल्या शिरल्या सुरू झाला. “चेहरा दाखवतील. बालपण दाखवतील. लहानपणी बाप मारायचा, म्हणून बिचारा सुरा घेऊन फिरतो! अरे, मुक्कामीला बालपण नाही!”

“येऊ तर दे,” दादा म्हणाला. “वीस वेळा तेच जुने भाग बघून डोळे गेले माझे. एकदा मोठ्या पडद्यावर परत बघायचाय मला त्याला.”

“आणि मुखवटा कॉम्प्युटरवर केला तर?”

“म्हणूनच तर आपण करतोय ना.”

ही दादाचीच कल्पना. जुन्या पद्धतीने, माणसाच्या चेहऱ्यावर बांधून खरा मुखवटा करायचा, त्याचं चित्रण करायचं आणि कंपनीच्या लोकांना दिसेल असं टाकायचं. बघा, असा असतो. चेहरा दादाचा. हात माझे, कारण अधूनमधून त्याला लॅबमध्ये मदत करून मला ते काम येतं. आणि चित्रण वकिलाच्या फोनवर.

दादा खुर्चीत मान मागे टेकून बसला. मी त्याच्या कानांत कापूस घातला. मग दातांचं माप घेतात तो गुलाबी लगदा चेहराभर थापला. गार असतो तो. डोळे बंद, तोंड बंद. फक्त नाकपुड्या मोकळ्या. त्यावर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या.

आतून बोलता येत नाही. म्हणून आमचं आधीच ठरलं होतं. हात एकदा दाबला, तर ठीक आहे. दोनदा दाबला, तर लगेच काढायचं.

मी एका हाताने पट्ट्या लावत होते, दुसऱ्या हाताने त्याचा हात धरला होता.

दादा मधूनमधून दाबत होता. एकदा. ठीक आहे.

अर्ध्या पट्ट्या झाल्या आणि पातेल्यातलं पाणी संपलं. नळ सोडला... नुसता सूं आवाज. तेवढ्यात वकिलाचा फोन वाजला. ज्याच्यावर चित्रण चाललं होतं तोच. त्याने स्टँडवरून काढला आणि बोलत बोलत जिन्याकडे गेला. ग्रुपवरचंच कोणीतरी होतं. त्याचा आवाज चढला तो चढलाच.

मी दादाच्या कानाशी वाकले. मोठ्याने म्हणाले, “दादा, पाणी आणते. बाहेरच्या मोरीतून. हललास तर सगळं फुकट जाईल.”

त्याने हात एकदा दाबला.

मी पातेलं घेऊन बाहेर पडले. मोरी तिथेच, बोळाच्या टोकाला; तिथलं पिंप कायम भरलेलं असतं. मला लॅबचं दार दिसत होतं. उघडं.

पातेलं भरलं. मी वळले...

दार बंद होतं.

वारा नव्हता. मला वाटलं, वकील परत आला असेल. पण त्याचा आवाज अजून जिन्यातून येत होता.

मी दार ढकललं. हललं नाही.

आणि मग आतून... कडी सरकली.

सावकाश. जुनी, गंजलेली कडी. ती लावायला कसरत करावी लागते म्हणून दादा कधी लावतच नाही.

“दादा?”

तो बोलूच शकत नव्हता. आणि चेहऱ्यावर ओझं घेऊन, डोळे मिटलेला माणूस उठून दारापर्यंत येणार कसा?

दाराला वर दुधी काच आहे. तिचा एक कोपरा घासून पारदर्शक झालाय. मी टाचा उंचावल्या आणि डोळा लावला.

दादा खुर्चीतच होता. मान मागे टेकलेली. पांढरा चेहरा छताकडे.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

पण त्याचा उजवा हात...

हात वर होता. हवेत. कोणीतरी हातात धरून ठेवावा तसा.

पातेलं माझ्या हातून पडलं. त्या आवाजाने वकील धावत आला.

“काय झालं? दार का लावलं?”

“मी नाही लावलं!”

त्याने काचेतून पाहिलं. वाद न घालता तो दोन पावलं मागे सरला. मग त्याने खांदा लावला. एकदा, परत एकदा. दार सागवानी. ढिम्म.

आतून आवाज येत होता. ओली पट्टी पिळल्यासारखा. थप... थप... मग हाताने सारखी केल्याचा. हा आवाज मला चांगला ओळखता येतो. मी स्वतः तोच करत होते ना थोड्या वेळापूर्वी.

पाणी संपलं होतं. मग पट्ट्या भिजवतंय कोण?

“नाकपुड्या,” मी म्हणाले. “वकील, आत जो कोणी आहे त्याने नाकपुड्या झाकल्या तर?”

वकील पळाला. जिन्याजवळ आग विझवायची लाल टाकी लटकवलेली असते, ती उपसून घेऊन आला. काचेत जाळी होती, लवकर फुटेना. मी ओरडत होते. दादाच्या कानात कापूस. त्याला आमचं काही ऐकूच येत नव्हतं. त्याला वाटत असणार, मी शेजारीच आहे.

काच फुटली. वकिलाने हात घालून कडी काढली. मनगट चांगलंच कापलं त्याचं.

आम्ही आत घुसलो तसा दादाचा हात धपकन खाली पडला.

मी मुखवट्याच्या कडेला बोटं घातली. निघेना. मी लावला होता त्याच्या दुप्पट जाड झाला होता, आणि कडा कानांच्या मागेपर्यंत गेल्या होत्या. मी तिथपर्यंत लावलाच नव्हता. शेजारी पट्ट्यांचं खोकं होतं. अर्ध्याहून जास्त भरलेलं सोडून मी गेले होते.

रिकामं होतं.

शेवटी लॅबची कात्री घालून एका बाजूने कापला, तेव्हा सुटला. दादाचा चेहरा लालबुंद. प्लास्टर घट्ट होताना तापतं, त्याची धग लागली होती. त्याने मोठ्ठा श्वास घेतला आणि माझ्यावर खेकसला.

“किती वेळ! दोनदा दाबतोय, दोनदा दाबतोय, कळत नाही का तुला?”

मी रडायलाच लागले. “दादा, मी बाहेर होते.”

“बाहेर काय? हात धरून होतीस माझा.”

वकील खाली बसून रुमालाने मनगट बांधत होता. तो म्हणाला, “ती बाहेर होती रे. आम्ही दोघंही.”

दादाने फुटलेल्या काचेकडे पाहिलं. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. पंज्यावर पांढऱ्या बोटांचे ठसे होते. माझ्या बोटांहून बरेच लांब.

तो उठला, नळापाशी गेला. नळाला पाणी नव्हतं. तसाच हात पँटला पुसत राहिला. पुसतच राहिला.

त्या संध्याकाळी आम्ही घरी आलो. वहिनीने चहा केला. तेव्हा कुठे तो बोलला.

“आधी त्याने एकदाच दाबला. मला वाटलं, तूच. मग वर आणखी थर यायला लागले. जड व्हायला लागलं. मी दोनदा दाबला. काढ म्हणून.”

“मग?”

“त्यानेही दोनदा दाबला.”

वहिनी चहाची गाळणी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

“मी परत दाबला. त्यानेही परत. मला वाटलं, तू चेष्टा करतेयस. नंतर... नंतर मी दाबणं थांबवलं. तरी तो दाबतच राहिला. दोनदा. दोनदा. जोरात. घाबरलेला माणूस दाबतो तसा.” तो माझ्याकडे बघत नव्हता. “तो मला मारत नव्हता गं. तो सांगत होता, मला काढ.”

वहिनीने गाळणी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी दादाने हातोडीने मुखवट्याचा भुगा केला आणि ग्रुपवर एक ओळ टाकली. ‘हा सिनेमा करू नका.’ कारण दिलं नाही. देणार तरी काय?

लोक तुटून पडले. काल नाचत होतास, आज काय झालं? कंपनीने विचारलं नाही म्हणून जळतोस का? वय झालं तुझं. एरवी यात वकील सगळ्यांत पुढे असता. तो एकटा दादाच्या बाजूने भांडला. का, ते त्यानेही सांगितलं नाही.

पुढे कंपनीने नवा नट जाहीर केला. तरुण, हसरा मुलगा. दादाने त्याला निरोप पाठवला. मुखवटा चेहऱ्यावर बांधून घेऊ नका, पटकन काढता येईल असा करा.

उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. पण एका दुपारी आम्ही जेवत असताना थेट त्याचाच फोन आला. दादाने फोन ताटाशेजारी ठेवला, आम्हालाही ऐकू येईल असा.

“सर, तुमचा निरोप वाचला,” तो अगदी अदबीने बोलत होता. “पण आम्ही जुन्याच पद्धतीने करतोय. रोज सकाळी चेहऱ्यावर बांधतात. तुम्हा चाहत्यांनाच तसं हवं होतं ना? ग्रुपवरचं सगळं वाचलंय आम्ही. एकही गोष्ट बदललेली नाही.”

दादाने डोळे मिटले. “त्रास होत नाही?”

“सुरुवातीला व्हायचा. आता सवय झाली. आणि मेकअपवाली ताई चांगली आहे. बांधून होईपर्यंत हात धरून बसते माझा.”

वहिनीने माझं मनगट पकडलं.

दादा हळूच म्हणाला, “ती तिथे आहे का आत्ता? तिला विचारा.”

“काय विचारू?”

“हेच. हात धरते का म्हणून.”

तो हसला. त्याने कोणालातरी हाक मारली. लांबून बाईचा आवाज आला. स्पष्ट ऐकू आला.

“मी? मी कशाला हात धरू? माझे दोन्ही हात प्लास्टरात असतात.”

त्याचं हसणं थांबलं. फोन चालूच होता. त्याचा श्वास ऐकू येत होता...

मग फोन बंद झाला. दादाने पुन्हा पुन्हा लावला. त्याने कधीच उचलला नाही.

आता सिनेमा तयार आहे. झलक आलीय. ग्रुपवर शंका घेणारेही गप्प झालेत. सगळे म्हणतात, अगदी तोच आहे. तीच चाल, तीच मान. जणू जुनाच माणूस परत आणलाय.

दादाने झलक पाहिली नाही. तो हल्ली तोंडावर पांघरूण घेऊ शकत नाही. अंघोळीला गेला तरी दार उघडं ठेवतो, आणि वहिनी बाहेर उभी राहून त्याच्याशी बोलत राहते.

चित्रीकरण संपून बरेच दिवस झाले, तरी नवा नट कुठे दिसत नाही. मुलाखती नाहीत, फोटो नाहीत. लोकांनी विचारलं, तेव्हा कंपनीने परवा खुलासा केला. तो अजून भूमिकेतून बाहेर आलेला नाही, म्हणे.

लोकांना हे फार आवडलं. त्याखाली टाळ्यांची नुसती रांग लागलीय.

मी ते वाक्य रोज एकदा उघडून वाचते. आणि बंद करते.