चार वाजून दहा मिनिटांचा लाल दिवा

भुतं रात्री बारा वाजता येतात म्हणे. माझ्या वाट्याला जे आलं ते दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आलं. लख्ख उन्हात.

खरं माना म्हणून मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. मी मशीनवाला माणूस आहे. दिवा लागला तर का लागला, हे शोधून काढायचा पगार घेतो. या दिव्याचं कारण मात्र मला आजवर सापडलेलं नाही.

मोबाईलच्या नेटवर्कला अचूक वेळ पुरवणारी यंत्रं बसवणं हे माझं काम. एका टॉवरचं घड्याळ दुसऱ्याच्या जरा मागेपुढे झालं, तरी लोकांचे कॉल मधेच तुटतात. म्हणून गच्चीवर वाटीएवढा अँटेना लावायचा. तो उपग्रहांकडून वेळ घेतो आणि केबलमधून खाली खोलीतल्या यंत्राला देतो. यंत्रावर एक दिवा असतो. केबल जोडलेली असेल तर हिरवा, सुटली तर लाल. लाल झाला तरी लगेच आभाळ कोसळत नाही. यंत्र काही तास नुसत्या आठवणीवर वेळ चालवत राहतं.

हे मला शिकवलं मास्तरांनी.

मास्तर म्हणजे माझे सीनियर. सगळ्या पोरांना त्यांनीच शिकवलं, म्हणून सगळे मास्तर म्हणायचे. मला ते ‘फोनवाले’ म्हणायचे. "अहो फोनवाले, सगळ्या जगाचे फोन आपण चालवतो खरं, पण त्यातले निम्मे तुम्हीच वापरता की!" असं म्हणून स्वतःच हसायचे.

कामाच्या वेळी एक जण गच्चीवर, एक जण खाली यंत्रासमोर. आमचे वॉकीटॉकी होते जुनाट, ऐन वेळी बॅटरी माना टाकायच्या. त्यावर मास्तरांनी तोड काढली होती. वरच्या माणसाने अँटेनाचा कनेक्टर एकदा ढिला करून पुन्हा आवळायचा. खाली दिवा एकदा लाल होऊन हिरवा होतो. एकदा म्हणजे, ‘आहेस का?’ खालच्याने गच्चीवरचा बल्ब एकदा लावून विझवायचा. म्हणजे, ‘आहे.’

आणि दिवा दोनदा लाल झाला तर...

‘वर ये.’

एवढी साधी गोष्ट. शाळेतल्या पोरालाही कळेल.

चार वर्षांपूर्वी आम्ही दोघं त्या टेकडीवरच्या स्टेशनवर गेलो होतो. एक खोली, तिच्यात एसीची घरघर. बाहेरून गच्चीवर जायला लोखंडी शिडी. वॉचमन नाही, शेजार नाही. आणि गंमत बघा, स्टेशन नेटवर्कचं, पण तिथे फोनला रेंज नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. रेंज यायची खालच्या वळणावर, चालत दहा मिनिटांवर.

मास्तर वर गेले. मी खाली यंत्रासमोर. काम चालू असताना कंट्रोल रूमकडे जाणारे अलार्म बंद करून ठेवतात, तेही केलं होतं. म्हणजे त्या दिव्याकडे बघणारा जगात मी एकटाच होतो.

पावणेचारला मी उठलो आणि वळणावर गेलो.

बायको भांडून माहेरी गेली होती. आठ दिवस फोन उचलत नव्हती. सकाळी तिचा मेसेज आला होता, ‘चार वाजता बोलते.’ मला वाटलं, पाच मिनिटं बोलून परत येऊ. मास्तरांना कशाला सांगायचं? ते पुन्हा फोनवाले म्हणून चिडवतील.

पाच मिनिटांचं बोलणं सव्वा तास चाललं.

आलो तेव्हा खोलीत दिवा लाल होता. सलग लाल. मी बल्ब लावून विझवला. काहीच झालं नाही.

शिडीवरून हाका मारत गेलो. "मास्तर! ओ मास्तर!"

ते कठड्याला टेकून बसले होते. पाय पसरलेले, मान छातीवर. उजवा हात वर, अँटेनाच्या पाइपाला अडकलेला.

कनेक्टर सुटलेला होता.

मी काय केलं सांगू? आधी त्यांना हलवलं. अंग गार पडत चाललं होतं. मग... मी कनेक्टर आवळला. हाताने नाही, खिशातला पाना काढून. नीट.

चौकशीत मी सांगितलं, ‘मी यंत्रासमोरच होतो. दिवा हिरवाच होता. कसलीही खूण आली नाही.’ हृदयविकार होता. डॉक्टर म्हणाले, "तासाभरापूर्वी आणलं असतं तर..." मास्तरांच्या बायकोला, काकूंना, मी म्हणालो, "काकू, एका क्षणात गेले. त्रास झाला नाही त्यांना." काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "तू होतास ना जवळ, तेवढं बरं."

त्या हाताखाली मी कसा उभा राहिलो, माझं मला माहीत.

बायको परत आली. पण त्या सव्वा तासाबद्दल मी तिलाही सांगितलं नाही. घरात मी तोंडाला कुलूप लावूनच वावरायचो. दोन वर्षं तिने काढली आणि गेली. या वेळी मी फोन केला नाही. एक ताट, एक पेला, एक खुर्ची. रविवारी दूधवाल्याशी बोललो तर तेवढंच बोलणं.

गेल्या वर्षी ऑर्डर आली. टेकडीवरचं जुनं यंत्र काढा, नवीन बसवा. आता असल्या कामाला एकच माणूस पाठवतात. मी नाही म्हणू शकलो असतो. पण यंत्र भंगारात गेलं की त्याची लॉगही जाणार होती, हे माझ्या डोक्यात आलं. दिवा कधी लाल झाला, कधी हिरवा, हे सगळं यंत्र मिनिटासकट लिहून ठेवतं. त्या यंत्राची लॉग कुणी कधी काढली नव्हती. चौकशीवाल्यांनी फक्त मलाच विचारलं होतं.

मास्तरांनी बोलावलं होतं, हे मला माहीत होतं. किती वेळा, ते माहीत नव्हतं. आणि खोटं कशाला बोलू, ते कुणाला कळूही नये असं वाटत होतं.

सकाळी पोचलो. नवा अँटेना लावला, नवी केबल ओढली. जुनी केबल वरून कापून, गुंडाळून खाली आणली. नव्या यंत्राला उपग्रहांवरून स्वतःची जागा पक्की करायला काही तास लागतात. तोवर जुनं यंत्र आठवणीवर चालू ठेवलं. त्याचा दिवा अर्थातच लाल. केबलच नव्हती त्याला.

मी खुर्चीत बसलो. एसीची घरघर. बाकी काही नाही.

चार वाजले.

चार वाजून दहा मिनिटं...

एसी बंद पडला. आपोआप. एवढी शांतता झाली की माझा श्वास मला ऐकू यायला लागला.

आणि जुन्या यंत्राचा दिवा हिरवा झाला.

मी पायाशी पाहिलं. केबलचं वेटोळं तिथेच पडलं होतं. यंत्राच्या मागे हात घातला. जोडणीच्या जागी मीच लावलेलं प्लॅस्टिकचं टोपण.

हिरवा.

मग लाल. हिरवा. लाल. हिरवा.

दोनदा.

मी म्हटलं, पॉवर सप्लायची गडबड असेल. मोठ्याने म्हटलं.

चार चौदाला पुन्हा दोनदा.

लॅपटॉप काढला, त्याची वायर पहिल्या झटक्यात लागेना. लागली एकदाची. लॉग उघडली. आजची तारीख नंतर बघू म्हटलं, आधी ती... त्या दिवसाची.

चार दहा, दोनदा. चार चौदा, दोनदा. चार सतरा, दोनदा. चार एकोणीस...

मी बोट लावून मोजलं. एकोणीस वेळा बोलावलं होतं त्यांनी मला. आधी तीन-चार मिनिटांनी. मग घाईघाईने. मग मधलं अंतर वाढत गेलं. चार अठ्ठावन्नला एकदाच लाल झाला आणि लालच राहिला. ढिला केला, आवळायची ताकद उरली नाही. त्यानंतर थेट पाच सव्वीसची नोंद. हिरवा.

ती माझी. पान्याने आवळलेली.

मान वर केली. चार सतरा. दिवा पुन्हा दोनदा लाल झाला.

तीच मिनिटं. अगदी तीच.

चार एकोणीसला मी दाराबाहेर होतो. शिडीची पहिली पायरी धरली आणि परत आलो. हो, आलो परत, घाबरलो! दार लावून घेतलं आणि भिंतीला पाठ टेकून उभा राहिलो. चार बावीसला दिवा पुन्हा दोनदा लाल झाला. पाचव्यांदा. अजून चौदा वेळा तो असाच होणार, आणि मी असाच बघत उभा राहणार... त्या विचारानेच मला रडू फुटलं. लहान पोरासारखा रडलो मी.

आणि गेलो वर.

गच्चीवर काही नव्हतं. ऊन होतं. वाऱ्याने जुन्या पाइपात शीळ वाजत होती. ते जिथे टेकले होते तिथे मी जाऊन बसलो.

"मास्तर, आलो," म्हटलं. "उशीर झाला."

चार अठ्ठावन्नपर्यंत बसलो. मग खाली उतरलो. एसी चालू होता. जुन्या यंत्राचा दिवा लाल, केबल नसलेल्या यंत्राचा असतो तसा. लॉग पाहिली. आजच्या तारखेला दुपारच्या पाच नोंदी होत्या. पाचवी चार बावीसची.

मी वर गेल्यावर एकही नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंकडे गेलो. चहा ठेवायला उठल्या, त्यांना म्हटलं बसा. सगळं सांगितलं. वळण, फोन, पाना, सगळं. काकू खिडकीकडे बघत होत्या. तशाच म्हणाल्या,

"किती वेळा?"

"एकोणीस."

"घरात पाणी हवं असलं तरी एकदाच हाक मारायचे," काकू म्हणाल्या. "ऐकू गेलं नाही तर स्वतः उठून घ्यायचे. ‘दुसऱ्यांदा हाक मारायची मला लाज वाटते,’ म्हणायचे."

मी पायांवर डोकं ठेवायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"माफी मागू नकोस. माझ्याकडे नाहीये ती." उठून त्यांनी दार उघडलं. मी चपला घालत असताना मागून आवाज आला. "पुन्हा कधी बोलावलं तर जा."

"जाईन काकू."

"शब्द दे."

दिला.

महिन्याभराने कंट्रोल रूममधल्या मुलीचा फोन आला. "सर, त्या टेकडीच्या स्टेशनवर तुम्हीच नवीन यंत्र बसवलंत ना? रोज दुपारी एक अलार्म येतो हो. अँटेना सुटतो आणि लगेच जोडला जातो. माणूस पाठवला होता, त्याला काहीच सापडलं नाही."

"किती वाजता?"

"चार दहाला. रोज."

"एकदा की दोनदा?"

"एकदाच. का हो?"

एकदा म्हणजे, ‘आहेस का?’

त्याच आठवड्यात मी तिथली ड्युटी मागून घेतली. ऑफिसात हसले लोक. तिथे जायला सगळे नाक मुरडतात आणि या शहाण्याने अर्ज केला म्हणे. आता सात महिने झाले. रोज चार दहाला दिवा एकदा लाल होतो. मी गच्चीवरचा बल्ब लावतो, विझवतो. मग दिवसभर हिरवा.

केबल बदलून पाहिली. अँटेना बदलून पाहिला. कनेक्टर मी रोज सकाळी पान्याने आवळतो. दुपारी वर जाऊन बघितलं तर तो हाताने आवळल्याइतकाच घट्ट असतो.

भीती वाटते का? वाटते. पण खरं सांगू, दिवसातून एकदा कुणीतरी ‘आहेस का’ विचारतं, तेवढंच एक माणूस उरलंय मला. भीती त्याची नाही. शब्द दिलाय त्याची आहे. ज्या दिवशी दिवा दोनदा लाल होईल त्या दिवशी मला शिडी चढायची आहे, आणि वर या वेळी काय असेल, मला माहीत नाही.

हे मी स्टेशनवरच बसून लिहितोय. पाठवायला वळणावर जावं लागेल, ते संध्याकाळी. आता चार वाजायला पाच कमी आहेत. फोन बंद करून बॅगेत ठेवतो.