गंगारामची घंटा कोण वाजवतंय?

“अजून एक! ती वरची, तिरकी लोंबतेय ना, ती!” श्रुतिका खालून ओरडली.

“हळू ओरड ना! वॉचमनकाका उठतील!” आंब्याच्या फांदीला माकडासारखा चिकटलेला नितेश कुजबुजला.

“उठतायत कसले!”

खरंच होतं ते. वॉचमनकाका असे घोरायचे, की समोरच्या टॉवरमधली लिफ्ट कोणी न बोलावता खाली यायची, असं कांदिवलीच्या त्या गल्लीत सगळे शपथेवर सांगत. फाटकाजवळ पहाऱ्यावर उभा असलेला चष्मेवाला सम्यक तर म्हणायचा, एकदा त्या घोरण्यानं त्याचा मोबाईलही चार्ज झाला होता.

मे महिन्याची सुट्टी. ‘श्रमसाफल्य’ सोसायटीतली सगळी बिऱ्हाडं समोरच्या गल्लीत भाड्यानं राहायला गेली होती. जुनी इमारत पाडून नवी बांधायची होती. फाटकापाशी पिवळंधमक पोकलेन मान खाली घालून उभं होतं. दुपारची जेवणं झाली की ते इमारतीला भिडणार होतं आणि इमारतीबरोबर हा आंबाही जाणार होता. मग त्याच्या शेवटच्या कैऱ्या कोणी खायच्या? पोकलेननं?

“पकड!” नितेशनं कैरी टाकली.

आणि त्याच क्षणी...

टण्ण!

सम्यकचा मोबाईल वाजला. पाठोपाठ श्रुतिकाचा. मग नितेशच्या खिशातला. टण्ण... टण्ण... सावकाश, जड, देवळातल्या मोठ्या घंटेसारखा आवाज!

“स्मरणघंटा!” सम्यक म्हणाला. “कोण वाजवतंय?”

सुट्टी लागण्याआधी शाळेनंच ते ॲप सगळ्यांना घ्यायला सांगितलं होतं. त्यात देशासाठी लढलेल्या एका सैनिकाचं नाव घालायचं. मग मोबाईल हातात धरून घंटेसारखा हलवला, की त्या सैनिकाच्या नावानं घंटा वाजते. आसपास ज्या ज्या मोबाईलमध्ये ते ॲप असेल, तो प्रत्येक मोबाईल सोबत वाजतो आणि पडद्यावर ते नाव दिसतं. त्याला नेटवर्कही लागत नाही. मात्र वाजवणारा जवळपासच असावा लागतो.

तिघांनी इकडेतिकडे पाहिलं. घोरणारे वॉचमनकाका सोडले, तर जवळपास चिटपाखरू नव्हतं.

नितेशनं पडद्यावरचं नाव वाचलं आणि तो फांदीवरून पिकल्या फळासारखा खाली आला. धप्प!

“लागलं का रे?” श्रुतिका धावली.

नितेशचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता. “शि... शिपाई गंगाराम तळेकर!”

“कोण हे?”

“माझ्या आजोबांचे पलटणीतले मित्र. एकाहत्तरच्या लढाईत आजोबांच्या शेजारीच ते... ते गेले गं! मेलेला माणूस स्वतःची घंटा वाजवतोय!”

टण्ण!

या वेळी वॉचमनकाका खाडकन जागे झाले. “परत वाजली! जिन्याखाली परत वाजली!” असं किंचाळत ते चपला तिथंच टाकून फाटकाबाहेर पळाले.

“वाट लागली!” सम्यक म्हणाला. तिघंही इमारतीत शिरले आणि मोबाईलचे आवाज बंद करून जिन्यामागे अंग चोरून बसले. शहाण्या मुलांनी घरी पळायला हवं होतं, पण कैऱ्या खाणाऱ्यांना शहाणपण जरा उशिराच सुचतं.

थोड्याच वेळात वॉचमनकाका परत आले. बरोबर सोसायटीचे सेक्रेटरी भाऊराव, त्यांच्या हातात नारळ. मागे कंत्राटदाराचे सुपरवायझर अनंतराव, खांद्याला बॅग आणि बोटावर गरगर फिरणारा चाव्यांचा जुडगा.

“काल संध्याकाळी पंपाच्या खोलीचं दार उघडं दिसलं,” वॉचमनकाका सांगत होते, “म्हणून मी कडी लावली. तर रात्री आतून घंटा! धपधप आवाज! कण्हणं! बापरे!”

“मग आत बघितलंस का?” भाऊरावांनी विचारलं.

“वेडा आहे का मी? वरून कुलूप लावलं! चावी सकाळीच साहेबांना दिली.”

जिन्याखाली चार पायऱ्या उतरून पंपाची खोली होती. तिच्या लोखंडी दाराला भलंमोठं कुलूप आणि कुलपाला लिंबू-मिरची लटकत होती. भाऊराव मूळचे कणकवलीकडचे. त्यांनी दारासमोर नारळ ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं, “बा म्हाराजा! ह्या जिन्याखाली जो कोण बसलेलो आसा, तेनं ह्यो नारळ मान्य करून घेवचो, आणि आमच्या नव्या बिल्डिंगीक कसलीव आडकाठी येवक देव नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” बाकीचे दोघे ओरडले.

टण्ण! दाराआडून घंटा वाजली.

“कौल दिल्यान!” भाऊरावांचे डोळे पाणावले. “मान्य केल्यान! लाव तुझं पोकलेन!”

“पोरांनो, तुम्ही इथे काय करताय?” अनंतरावांची नजर जिन्यामागे गेली होती. “चला, निघा बाहेर! मशीन लागणार आता!”

तिघंही आंब्याखाली येऊन उभे राहिले. मोबाईलचे आवाज त्यांनी पुन्हा सुरू केले.

“भुताकडे मोबाईल असतो का रे?” श्रुतिकानं अचानक विचारलं.

“असेल! आजकाल सगळ्यांकडे असतो!”

“मस्करी नको. हे नाव ॲपमध्ये कोणी घातलं असेल?”

“मीच घातलं. पण ते तर...” नितेशनं इमारतीकडे वळून पाहिलं. “...आजोबांच्या मोबाईलमध्ये घातलं होतं.”

भुताची भीती एका क्षणात गेली आणि तिच्या जागी दुसरी आली, हजारपट थंड!

“पण आजोबा तर काल संध्याकाळी गोराईला गेलेत ना?” सम्यक म्हणाला. “फोन लाव!”

नितेशनं लावला. संपर्काच्या बाहेर! तो धावत भाऊरावांकडे गेला. “काका, आत आजोबा आहेत! दार उघडा!”

“काहीतरीच काय! दशरथ गोराईला मित्राकडे गेलाय. तिकडे त्याचा फोन कधी लागतो का? आणि पुजलेलं दार उघडायचं? कोप होईल कोप!”

“अहो, फक्त एकदा बघा ना!” नितेश रडकुंडीला आला.

“सगळी इमारत तपासलीय मी,” अनंतराव म्हणाले. पंपाची खोली सोडून, हे मात्र ते म्हणाले नाहीत. त्यांनी पोकलेनच्या ड्रायव्हरला हात केला. घर्रर्र करून इंजिन सुरू झालं. जमीन थरथरायला लागली.

श्रुतिकानं दोघांना भिंतीआड ओढलं. “ही मोठी माणसं ऐकून घेत नाहीत, पण घाबरतात मात्र झकास! माझा मोबाईल त्या अनंतरावांच्या बॅगेत टाकते. आजोबांनी घंटा वाजवली, की बॅगच वाजेल!”

ती मांजरासारखी गेली. बॅगेची चेन अर्धवट उघडीच होती. मोबाईल आत सरकवून ती परत आली. तिघं श्वास रोखून वाट बघू लागले.

घंटा वाजेना.

पोकलेननं मान उचलली. तरी घंटा वाजेना!

“आजोबा थांबले,” नितेश पुटपुटला. “का थांबले असतील? श्रुतिका, का थांबले गं ते?”

सम्यकनं चष्मा काढून पुसला. खरंतर तो डोळे पुसत होता.

“तू वाजव!” श्रुतिका म्हणाली. “घंटा कुठल्याही मोबाईलवरून वाजवता येते ना!”

“मी अजून नावच घातलं नाहीये.” नितेशनं ॲप उघडलं. ‘कोणासाठी घंटा वाजवायची?’ पडद्यावरचा प्रश्न त्याच्याकडे टक लावून बघत होता. त्याला एकच सैनिक आठवत होता. “पण जिवंत माणसाच्या नावानं? अपशकुन होईल यार!”

“त्या पोकलेनपेक्षा मोठा अपशकुन कुठून आणणारेस? घाल नाव!”

नितेशच्या बोटांना अक्षरं सापडेनात. द... श... र... थ. मग त्यानं डोळे गच्च मिटले आणि सगळा जीव एकवटून मोबाईल हलवला.

टण्ण! टण्ण! टण्ण!

अनंतरावांची बॅग दणाणली! ते जागच्या जागी असे उडाले, की पाहणाऱ्यांच्या मते त्यांनी पहिल्या मजल्याची गॅलरी डोक्यानं शिवली. नितेशनं भिंतीआडून, घाबरलेला होताच, त्याच घोगऱ्या आवाजात आरोळी ठोकली, “चावी हय टाक! माका भायर काढ!”

चाव्या एकीकडे, बॅग दुसरीकडे आणि अनंतराव तिसरीकडे! साहेब पळताहेत हे पाहून ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि तोही उडी मारून पळाला. भाऊराव तर डोळे मिटून “व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा” करत जमिनीवरच बसले.

मुलांनी जुडगा उचलला. पहिली चावी लागेना. दुसरी लागेना. शेवटी श्रुतिकानं जुडगा नितेशकडून हिसकावून घेतला आणि कुलूप उघडलं.

आत गच्च काळोख. कुबट वास. कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

“आजोबा?”



एक पाऊल. आणखी एक. नितेशच्या पायाखाली काहीतरी मऊ आलं. तो किंचाळला! ती आजोबांची पिशवी होती.

“आजोबा!”

मग काळोखात खाली, पाईपांच्या मागे, एक छोटासा निळसर उजेड हलला. टण्ण... अगदी क्षीण.

“कोण वाजवता रे माझी घंटा?” खरखरीत आवाज आला. “मी अजून जिवंत आसंय!”

नितेश त्या आवाजाच्या दिशेनं असा झेपावला, की आजोबा म्हणाले, “हळू, मेल्या! पाय मोडलोसा वाटता, आता बरगडे तरी ऱ्हवांदेत!”

गोराईला जाता जाता भजनी मंडळाचा पखवाज तेवढा इथून वाचवावा म्हणून आजोबा आत शिरले होते. पायरीवरून घसरले, पाय पाईपांत अडकला आणि वरून दाराला कडी लागली. ओरडून घसा बसला. फोन लागेना. मग त्यांना ॲप आठवलं. पोरं कैऱ्यांसाठी नक्की येणार, हेही त्यांना ठाऊक होतं.

रुग्णवाहिका आली. सगळी गल्ली लोटली. नितेशच्या आईनं अनंतरावांना जे काही सुनावलं, त्यानं इमारत पोकलेनशिवायच पडते की काय असं वाटलं! वॉचमनकाका कान धरून उभे होते. भाऊरावांनी मुलांपुढे हात जोडले.

“पोरांनो, आम्ही भुताला नारळ दिला, पण माणसाला दार उघडून दिलं नाही. तुम्ही तिघं आज आमच्यापेक्षा मोठे!”

“भीती नाही वाटली रे तुम्हाला?” कोणीतरी विचारलं.

“खूप वाटली,” नितेश म्हणाला. “अजून वाटतेय.”

“भ्यालेला असूनही पुढे गेला, तोच खरा शिपाई,” स्ट्रेचरवरून आजोबा म्हणाले. “गंगारामही असाच होता.”

नितेश लाजला. त्यानं घाईघाईनं मोबाईल काढला. “आजोबा, तुमचं नाव आधी पुसून टाकतो हं. अपशकुन नको.”

आजोबांनी त्याचा हात धरला.

“ऱ्हवांदे रे. त्या काळोखात माझी शुद्ध हरपत होती. तेवढ्यात घंटा वाजली आणि बघतो तर माझंच नाव! म्हटलं, कोणीतरी आठवण काढतंय, म्हणजे झोपून चालणार नाही.” “गंगारामला त्याची घंटा कधी ऐकायला मिळाली नाही. मला मिळाली. वाजव बघू पुन्हा, सगळ्यांसमोर!”

नितेशनं मोबाईल हलवला. टण्ण! बॅगेतून परत घेतलेला श्रुतिकाचा वाजला, सम्यकचा वाजला, गर्दीतल्या सगळ्या शाळकरी मुलांचे मोबाईल वाजू लागले.

आणि स्ट्रेचरवर, मोडक्या पायानिशी, हवालदार दशरथांनी स्वतःच्या नावाला कडक सलाम ठोकला.