वर म्हणजे कुठे?

केतकीचा संगणक अभ्यासाला कधी दगा देत नसे. निबंध लिहा, गणितं सोडवा, नकाशे रंगवा, गुणी बाळासारखा चालायचा. पण ‘किल्लेदार’ हा खेळ सुरू केला की थोड्याच वेळात पंखा घोंघावू लागायचा, चित्रं अडखळायची आणि शेवटी पडदा काळाठिक्कर! असे अभ्यासू संगणक शिक्षकांना फार आवडतील. केतकीला मात्र रडू यायचं, आणि त्याला कारणही तसंच होतं.

केतकी राहायची ‘अगस्ती’ नावाच्या अंतराळस्थानकात. हे स्थानक पृथ्वीभोवती गरगर फिरे. तिथे मोठी माणसं भरपूर होती, पण मूल एकच. तिची आई, डॉक्टर वैजयंती लिमये, स्थानकातली हवा शुद्ध आणि खेळती ठेवणारी शास्त्रज्ञ. तिला दिवसभर कुठून ना कुठून बोलावणं यायचं. केतकी अंतराळात जाणार म्हणून दापोलीच्या शाळेतली पोरं केवढी जळली होती! तिथे लपाछपी खेळायची तर राज्य कोणावर येणार, हे मात्र कोणालाच सुचलं नव्हतं.

रविवारी दुपारी पृथ्वीशी खेळण्यापुरती जोडणी मिळे. मग केतकी आणि तिची जिवाची मैत्रीण दुर्गा ‘किल्लेदार’ खेळत. दरवर्षी दिवाळीत दोघी मिळून अंगणात मातीचा किल्ला करायच्या. यंदा एक अंगणात आणि एक आभाळात, म्हणून किल्ला पडद्यावरच्या समुद्रात. आणि बरोबर त्याच वेळी संगणक मान टाकायचा.

आजही तेच झालं. संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा दुर्गाचा निरोप येऊन पडला होता. “काय गो केतकी, दर वेळेस तटबंदी अर्धी टाकून पळतेस? आमच्याशी खेळायचं नसेल तर सरळ सांग की. पुढच्या रविवारी थांबली नाहीस तर मी वर्गातल्या किमयाला जोडीला घेते. दिवाळीआधी किल्ला पुरा व्हायला हवा.”

केतकी तरंगत तरंगत आईला शोधायला निघाली. अंतराळात रडणंही धड जमत नाही. आसवं गालावरून ओघळतच नाहीत, डोळ्यांवरच पाण्याचा गोळा होऊन बसतात.

आई एका मोठ्या जाळीपाशी होती. जाळीला एक चमचा, एक पेन्सिल आणि कोणाचा तरी मोजा चिकटला होता.

“इथे काही हरवलं की आधी या जाळीपाशी यायचं,” आई म्हणाली. “ही हवा आत ओढते ना, मग सुटी वस्तू आपोआप... अगं, काय झालं?”

“दुर्गा मला सोडून किमयाला घेणार. संगणक खेळतानाच बंद पडतो, आणि तिला वाटतं मीच पळून जाते. मी तुला मागेही सांगत होते, तू नंतर बघू म्हणालीस.”

आईने जाळीवरचा मोजा काढून खिशात कोंबला. “चल. आत्ताच बघू.”

वाटेत ती म्हणाली, “निबंध लिहिताना पडदा फारसा बदलत नाही. पण खेळात प्रत्येक लाट, प्रत्येक सावली संगणकाला क्षणाक्षणाला नव्याने काढावी लागते. ते काम करते ग्राफिक्स चिप (चित्रं काढण्यासाठी आकडेमोड करणारा संगणकाचा भाग). काम वाढलं की ती जास्त वीज खाते, आणि खाल्लेल्या विजेची शेवटी उष्णताच होते. फार तापली तर चिप जळेल. म्हणून संगणक आधी वेग कमी करतो, आणि तरीही भागलं नाही तर स्वतःच बंद होतो.”

“म्हणजे तो बिघडलेला नाही?”

“नाही गं. जीव वाचवतोय बिचारा.”

“पण दापोलीला हाच संगणक, हाच खेळ तासन्‌तास चालायचा. आणि गरम हवा वर जाते, मला पाठ आहे. इथेही ती वर निघून जायला हवी.”

“वर म्हणजे कुठे?” आईने विचारलं.

केतकीने डोक्यावर बोट दाखवलं. तिथे आईची पावलं होती. आई तिच्या हिशेबाने उलटी तरंगत होती. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि केतकीला खुदकन हसू आलं.

“पृथ्वीवर थंड हवा जड असते, ती खाली येते आणि हलक्या गरम हवेला वर ढकलते,” आई म्हणाली. “याला म्हणतात अभिसरण (हवा किंवा पाणी स्वतः फिरून उष्णता वाहून नेतं ती क्रिया). इथे कशालाच वजन जाणवत नाही. मग जड कोण, हलकं कोण? गरम हवा जिथल्या तिथे बसून राहते. तुझ्या झोपायच्या पिशवीपाशी तो पंखा का लावलाय?”

केतकीला त्या पंख्याच्या घरघरीचा फार राग होता. “का?”

“तू सोडलेला श्वास तोंडाभोवतीच साचू नये म्हणून. इथे हवेला कोणीतरी हलवावं लागतं. संगणकातही आपोआप काही होत नाही, सगळी भिस्त पंख्यावर.”

दोघींनी संगणक भिंतीपासून सोडवून फिरवला. त्याच्या मागच्या जाळीला लोकरीच्या झेंडूची माळ घट्ट चिकटून बसली होती!

निरोप घेताना ती दुर्गाने दिली होती, स्वतः विणून. “खंडेनवमीला तुझ्या संगणकाला घाल गो,” असं बजावून. केतकीने पूजा करून ती पुढच्या बाजूला घातली होती. पण इथे माळ लोंबत नाही, तरंगते. तरंगत ती मागे गेली आणि चमच्या-मोज्यासारखी जाळीला जाऊन लागली.

“दसरा होऊन गेला की गं! निर्माल्य काढायचं नाही?”

“पण फुलं सुकलीच नाहीत!” केतकी म्हणाली.

आई पोट धरून हसली. मग जाळीवरची माळ चाचपत म्हणाली, “अख्ख्या स्थानकाची हवा खेळती ठेवते मी. तुझ्याच कोपऱ्याकडे बघायचं राहिलं. चुकलंच माझं.”

केतकीने तिच्या कमरेला मिठी मारली. बऱ्याच दिवसांनी तिला एकटं वाटलं नाही.

मग त्यांनी माळ सोडवली, आत अडकलेली लोकरीची कुसं हवा ओढणाऱ्या नळीने काढून घेतली आणि खेळातल्या लाटा थोड्या साध्या केल्या, म्हणजे चिपवरचा भार हलका होईल. “आई, मंगळावर जाणारी यानं बांधतील ना, त्यातले कोपरे मी तपासणार,” केतकीने जाहीर केलं.

पुढच्या रविवारी आई कामावर गेली नाही, लेकीशेजारीच तरंगत राहिली. तटबंदी चढली, बुरूज झाले, दरवाजा बसला. पंखा एका सुरात चालू होता. केतकीने दुर्गाला माळेची सगळी हकिगत सांगितली.

“अगो बाई! म्हणजे माझ्याच माळेने घोटाळा केला? आणि मी तुला काय काय बोलले! कुठाय ती आता?”

“माझ्या गळ्यात.”

दुर्गाने बुरुजावर एक झेंडा रोवला. मग तिने हळूच विचारलं, “वर करमतं का गो तुला?”

केतकीने खिडकीकडे पाहिलं. निळी पृथ्वी बरोबर तिच्या डोक्यावर होती. “नाही करमत,” ती म्हणाली. “पण वर मी नाही. इथून बघितलं तर तूच वर आहेस.”

पडद्यावर दुर्गा किल्ल्यावर मावळे मांडत होती. तिने मुख्य बुरुजावर दोन ठेवले, एक सरळ आणि एक चक्क डोक्यावर उभा.

“हा उलटा कोण?” केतकीने विचारलं.

“तू,” दुर्गा म्हणाली. “आणि तुझ्याकडून बघशील तर मी.”