पायपेटीचे सूर कोणी चोरले?

प्रबुद्धने पायपेटीवरचं मखमली कापड ओढलं आणि पर्यटकांचे मोबाइल हवेतच थांबले. पेटीची वरची फळी काढून बाजूला उभी केलेली. ज्यातून आवाज निघतो ते पितळी सूर आत नव्हतेच. नुसता पोकळ खोका!

सांगलीचं हे नावाजलेलं नाट्यगृह बघायला बनाबाई पाटणहून एसटीनं आली होती. पोलीस खात्यातून निवृत्त झालेली हवालदारीण. माहिती सांगणारा प्रबुद्ध दारापासून ऐकवत होता, "या पेटीवर दादासाहेब बसत आणि नाट्यगृह तुडुंब भरे." आणि आता हे! बाईच्या नशिबात सहलीलाही चोरीच.

"सूर चोरले!" व्यवस्थापक वीरधवल ओरडले. "माझे आजोबा दादासाहेब चाळीस वर्षं हीच पेटी वाजवत. आकाराम, किल्ली तुझ्याकडं. आता पोलीसच बघतील तुला."

रखवालदार आकारामनं किल्ली पुढे केली. "आवं साहेब, सव्वीस वर्षांत एक खिळा हलवला न्हाई मी. पुढल्या म्हैन्यात रिटायर हुतोय. चोर म्हणून गावात कसा जाऊ?"

म्हातारा रडायलाच लागला. बनाबाईचं टाळकं सरकलं.

"बोलवा की पोलीस. तवर मी इचारते. आकाराम, दार कवा उघडलं?"

"आठला. प्रबुद्ध सर पेटी पुसाय आले. रोजच येत्यात. दादासाहेब वाजवायचे ती पेटी, तिला दुसरं कोण हात लावत न्हाई."

"त्यांच्यामागनं कोण आलं?"

"कोण न्हाई. दहाला थेट तुमी लोक."

"प्रबुद्ध, तुमी काय केलं?"

"वरून पुसली, कापड टाकलं. आमचा ठेवा आहे तो. हिच्यावर दादासाहेब बसत. सारी सांगली त्यांना बघायला यायची."

बनाबाईनं मोबाइलचा उजेड आत मारला. लाकडावर जुनी काळी धूळ सपाट बसलेली. एक भोक नाही, एक ओरखडा नाही. पोलीस लाइनीतल्या भजनात वीस वर्षं पेटी वाजवलेली बाई ती. पेटीच्या पोटात काय असतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"आकारामला सोडा," ती म्हणाली. "चोरी झालीच न्हाई. सूर स्क्रूनं बसवत्यात. काढले तर भोकं ऱ्हात्यात. हितं भोकच न्हाई, म्हंजे सूर कवाच नव्हते. ही पेटी जन्मात वाजलेली न्हाई."

वीरधवलांचा चेहरा पडला.

"आन उघडली कुणी?" ती प्रबुद्धकडे वळली. "साहेब म्हणत्यात 'वाजवत'. आकाराम म्हणतो 'वाजवायचे'. तुमी दरवेळी 'बसत'. पेटीवर बसणं म्हंजे वाजवणंच, असं आमी समजतो. तुमी मातुर नुसतं बसणंच सांगत हुता. पेटी मुकी हाय हे तुमाला ठावं हुतं. आन सकाळी हितं तुमीच एकटे हुता."

प्रबुद्धनं हातातलं मखमली कापड खाली टाकलं.

"व्हय, मीच. वाजवायचे माझे आजोबा, आण्णा. विंगेत, काळ्या पडद्याआड, दुसऱ्या पेटीवर. आमच्या जातीच्या माणसाला रंगमंचावर बसू देत नव्हते. ह्यांचे आजोबा पुढं बसून मुक्या पट्ट्यांवर बोटं फिरवायचे आणि टाळ्या खायचे. आण्णांना एक टाळी मिळाली न्हाई ओ! सहा वर्षं मी हेच गुणगान गातोय. मला सूड पायजे हुता. चारचौघांत हिचं पोट उघडं करायचं हुतं. केलं!"

"आन ह्या म्हाताऱ्याचं काय?"

त्याची मान खाली गेली. "चुकलं. साहेब चोरीचा आळ घेतील असं वाटलं नव्हतं." त्यानं आकारामचे हात धरले.

"मी तक्रार देणार!" वीरधवल कडाडले.

"द्या की," बनाबाईनं कागद पुढे केला. "पर सूर चोरले म्हणायचं तर आदी लिवा, ते हुते. खाली सही करा."

सगळे मोबाइल वीरधवलांकडे वळले. त्यांनी पेन उचललं, खाली ठेवलं. मग आकारामपुढे हात जोडले, आणि तसेच प्रबुद्धपुढे.

"मला माफी नको," प्रबुद्ध म्हणाला. "दारावर दादासाहेबांच्या नावाची पाटी हाय. ती तुमच्या हातानं उतरवा. शिडी मी धरतो."