ओ न देणारं गाव

मी अपघातातल्या गाड्या तपासते. चौदा वर्षं विमा कंपन्यांसाठी हेच काम करते आहे. गाडी कुठे वाकली, कुठे खरवडली, मालक सांगतो तसं घडलं असेल का, ते बघायचं आणि अहवाल लिहायचा. माणसं थापा मारतात, गाडी मारत नाही. घसरलेली मोटारसायकल एका अंगाने खरवडते. फूटरेस्ट मागे वळतो, हँडलचं टोक घासून निघतं.

माझ्या धाकट्या भावाची, महेंद्रची गाडी दरीत पडून चेपली होती, पण रस्त्यावर घसरून खरवडल्याची एकही खूण नव्हती. चावी बंद होती आणि गिअर न्यूट्रलला. उभी असलेली गाडी कुणीतरी वरून ढकलून दिली होती. तरी कागदावर आलं, 'गाडी घसरून दरीत पडल्याने मृत्यू.' हे सांगणारा माणूस एकच, महेंद्रचा जुना दोस्त अंगद. महेंद्रने त्याच्या चोरट्या वाळूची तक्रार केली, त्याचा ट्रॅक्टर जप्त झाला, आणि पंधरा दिवसांत महेंद्र कुकडी नदीच्या दरीत. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण फाईल बंद झाली.

दोन वर्षांनी, गेल्या मे महिन्यात, कुणीतरी मोबाईलवर अंगदचा फोटो पाठवला. नवा ट्रॅक्टर, त्याला झेंडूचा हार, शेजारी दात काढून उभा अंगद. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रविवारी सकाळी मी मोटारसायकल काढली. त्याच्या दारात जायचं आणि खरं काय ते त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं, एवढंच ठरवलं होतं.

नगर सोडलं तेव्हा अकरा वाजले होते. सुप्याजवळ पवनचक्क्या जागच्या जागी उभ्या होत्या, वाऱ्याचा पत्ता नव्हता. पारनेरला चाकांतली हवा बघितली, पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या. पुढे झाडं कमी होत गेली. निघोज मागे पडलं आणि कच्चा रस्ता नदीकडे उतरायला लागला. दोन्ही बाजूंना काळा कातळ, मधूनमधून निवडुंग आणि करपलेलं गवत. हेल्मेटच्या आतून घाम डोळ्यांत उतरत होता. तासाभरात समोरून एक टेम्पो आला, तेवढाच.

अंगदची कपारवाडी म्हणजे दरीच्या काठावरची वीसेक घरं. तोंडाशीच सहादेव नावाच्या माणसाची चहाची टपरी होती. मी बाकावर बसले, चहा सांगितला आणि सरळ विचारलं, "दोन वर्षांपूर्वी इथे दरीत एकजण गेला. तुम्ही होता का त्या दिवशी?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी कोन त्याच्या?"

"बहीण."

तो स्टोव्हशी खुडबुड करू लागला. मग खाली बघतच म्हणाला, "हाका येत हुत्या, ताई. सकाळधरनं दिवस मावळंपतूर. 'अंगद, अंगद' म्हनून."

पोस्टमॉर्टेममध्ये मांडीचं हाड मोडल्याचं लिहिलं होतं. मृत्यू संध्याकाळी. मधले तास कुणीच मोजले नव्हते.

"मग गेलं का नाही कोणी?"

"दरीतनं हाक आली तर आमी ओ देत न्हाई. बारकी पोरं बी देत न्हाईत. आन् दरीत उतरून कुनाचं नाव बी घेत न्हाई. शेळीला सुद्दा नुसतं हुर्र करायचं. वाडवडलांपासनं हाय ते."

"आणि अंगद? तो कुठे होता?"

सहादेवने धुतलेला ग्लास पुन्हा धुतला. "हितंच. तुमी बसलाय त्याच बाकावर. तीन डाव चहा पिला. कुनी उठाया लागलं की म्हनायचा, बसा रं, दरी बोलतीया."

मी चहा खाली ठेवला. म्हणजे अंगदला हात रक्ताने माखायची गरजच पडली नव्हती. माझा भाऊ त्याच्या नावाने टाहो फोडत होता, तो चहा पीत होता, आणि अख्खं गाव कानांवर हात ठेवून बसलं होतं. असल्या माणसाच्या दारात जाऊन काय वदवून घेणार? तो कोडगा हसला असता. मी गाडी टपरीपाशी सोडली आणि दरीकडे चालू लागले.

"ताई," सहादेव मागून ओरडला, "खाली काय बोलू नका!"

तीन वाजले होते. नदीने कातळ कापून खोल चर पाडला आहे आणि त्यात रांजणासारखे गोल खळगे आहेत. काही गुडघाभर, काहींचा तळच दिसत नाही. पाण्याने गोटे फिरून फिरून असे खळगे घडतात, हे मी शाळेत शिकले आहे. तळाशी शेवाळलेलं पाणी होतं. कातळाची धग बुटांतून पायाला लागत होती. एक पाखरू नव्हतं.

महेंद्र सापडला तो खळगा मी पंचनाम्यातल्या फोटोवरून ओळखला. आतल्या गुळगुळीत भिंतीवर हातभर उंचीपर्यंत ओरखडे होते. नखांचे असावेत. मी ते बोटांनी चाचपले.

मग मी उभी राहिले आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास एकवटून ओरडले.

"अंगद!"

तीनदा ओरडले.

समोर उभा कातळ होता. आवाज परत यायला हवा होता. आला नाही. तिन्ही वेळा आला नाही.

वर येऊन मी सहादेवला चहाचे पैसे विचारायला तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. पैसे आणि माझा नंबर लिहिलेलं कार्ड त्याच्यापुढे ठेवून मी निघाले.

घसा दुखत नव्हता. नगरला डॉक्टरांनी टॉर्च घालून बघितलं, सगळं ठीक आहे म्हणाले. सोमवार, मंगळवार, बुधवार मी गॅरेजमध्ये कागदावर लिहून कामं केली. बुधवारी दुपारी एका टेम्पोचा फोटो काढताना मेकॅनिकला म्हणाले, "बाजूला हो जरा." तो दचकला. मीही दचकले. तीन वाजून गेले होते.

संध्याकाळी सहादेवचा फोन आला. अंगद दरीत पडून मेला होता. त्याच खळग्यात.

मी आमरस आणला आणि पोटभर खाल्ला. लाज वाटली नाही. आजही वाटत नाही.

पण मन भरलं नव्हतं. अंगदने काय केलं, ते त्याच्या घरच्या कुणालातरी कळायला हवं होतं. तेरावा झाल्यावर मी पुन्हा कपारवाडीला गेले. घरासमोर त्याची आई छबूबाई शेळ्यांना पाला टाकत होती. वाळलेली, ताठ म्हातारी.

मी म्हणाले, "आजी, थोडं पाणी देता का?"

तिच्या हातातला पाला खाली पडला.

"परत बोल," ती म्हणाली.

"पाणी म्हटलं. लांबून आलेय."

"ह्योच." ती माझ्या तोंडाकडे नाही, गळ्याकडे बघत होती. "तीन दिस ह्योच आवाज. रोज जेवायच्या वक्ताला. पयल्या दिशी ताटावरनं उठला, दारात आला. दुसऱ्या दिशी बांधापतूर गेला. मी हाताला धरून आनला. तिसऱ्या दिशी आलो म्हनला आन् गेला. खरकटा हात बी धुतला न्हाई माज्या लेकानं."

मी नगरला होते, मुकी होते, असं मला सांगता आलं असतं. मी सांगितलं ते वेगळं. माझा भाऊ दिवसभर कसा ओरडत होता आणि तिचा लेक बाकावर बसून कसा चहा पीत होता, ते सगळं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आत जाऊन तांब्या आणला, माझ्या हातात दिला.

मी पाणी पिताना तिने विचारलं, "नाव काय म्हनलीस तुजं?"

मी म्हटलं नव्हतंच. पण लपवायला मी काही चोर नव्हते.

"अश्विनी."

तिने ते दोनदा पुटपुटून बघितलं. मग शेळ्या सोडल्या, काठी घेतली आणि दरीची वाट धरली. ऊन डोक्यावर होतं.

त्याला आज तीन दिवस झाले. आत्ता सहादेवचा फोन आला होता. दरवेळी ताई म्हणणाऱ्या सहादेवने आज मला एकदाही हाक मारली नाही, नुसता बोलत सुटला होता. म्हणाला, छबूबाईचा आवाज गेलाय, दरीतनं आल्यापासनं एक शबुद न्हाई.

मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. तेव्हा लक्षात आलं, मी रस्त्यावर होते, घरापासून दोन गल्ल्या लांब. पायांत चप्पल नव्हती आणि उजव्या हाताला वरणभात लागलेला होता.