नदीकाठाची फ्रेम कुणी बदलली?

"मावशी, हातातलं काम टाका आणि लगेच दालनात या. गुरुजींनी पोलीस बोलावलेत. तुमच्यासाठी!"

फोनवर गुरुजींचा शिष्य होता, तो चष्मेवाला. मावशींनी फ्रेमच्या पट्ट्या टेबलावर तशाच सोडल्या, भिंग पिशवीत टाकलं आणि तरातरा निघाल्या. चाळीस वर्षं फ्रेमा करून मिळवलेलं नाव, आणि दारात पोलीस? त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

दालनातलं प्रदर्शन दुपारी उघडायचं होतं. गुरुजी लालबुंद होऊन फेऱ्या मारत होते. शेजारी वही घेतलेला इन्स्पेक्टर. दालन सांभाळणारी गुरुजींची भाची फाइल छातीशी धरून उभी. समोर भिंतीवर 'नदीकाठ', गुरुजींचं सगळ्यांत गाजलेलं जलरंगातलं चित्र. डावीकडे त्यांची ऐटबाज सही, जगाने पाहिलेली. आणि उजव्या कोपऱ्यात आज आणखी एक सही, बारीक, निळी. गुरुजींच्या बहिणीची, म्हणजे भाचीच्या आईची. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"हीच ती! सगळ्या नव्या फ्रेमा हिच्या. माझ्या चित्रावर खोटी सही केली हिने!"

"माझ्याकडे बारा चित्रं आली, बारा गेली," मावशी म्हणाल्या. "हे त्यात नव्हतं. याची जुनीच फ्रेम राहील, हात लावायचा नाही, असं तुम्हीच बजावलं होतंत."

"मग ही काळी फ्रेम आली कुठून?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"तेच बघते, साहेब. उतरवू?"

त्याने मान डोलावली.

मावशींनी आधी काचेवरूनच पाहिलं. चित्राभोवती पुठ्ठ्याची पांढरी चौकट होती, धंद्यात तिला माउंट म्हणतात. चारही कोपऱ्यांत सुरी रेघ ओलांडून पुढे गेली होती.

"असा माउंट माझ्या दुकानातून बाहेर पडला, तर मी त्याच दिवशी कुलूप घालीन. हे शिकाऊ हाताचं काम आहे."

मग मावशींनी विचारलं, "गुरुजी, माउंट कुणाच्या पसंतीने होतात?"

"माझ्याच! चारही बाजू समान. शिस्त आहे माझी."

इथे खालची बाजू वरच्यापेक्षा बोटभर रुंद होती. मावशींनी ते पाहून ठेवलं.

मागचे खिळे काढून त्यांनी चित्र टेबलावर ठेवलं. कडेपासून अंगठाभर आत, चारही बाजूंनी एक तपकिरी रेघ उमटलेली होती. रेघेच्या आत रंग विटलेले, बाहेर काल लावल्यासारखे ताजे.

"जुना माउंट इथपर्यंत होता," मावशी म्हणाल्या. "हलक्या पुठ्ठ्याची कड कागदावर असा डाग पाडते. त्याच्याखाली उजेड पोचला नाही, म्हणून तिथले रंग टिकले. अहो, माउंट चित्रावर जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढा चढवतात. अंगठाभर झाकायचं काय कारण होतं?"

"आवड माझी," गुरुजी गुरगुरले.

मावशी चष्मेवाल्याकडे वळल्या. "रेघेच्या आत, उजवीकडे, हे निळसर काय आहे?"

"गवताचं पातं! मी वर्गात शिकवतो ना, गुरुजींचा तो एका दमातला फटकारा..."

"हे भिंग घे. पातं कुठून निघतं ते बघ."

त्याने पाहिलं. चष्मा पुसून परत पाहिलं.

"सहीतून," तो पुटपुटला. "शेवटच्या अक्षराची शेपटी आहे ही."

"एकच फटकारा, साहेब. रेघेबाहेर गडद, रेघेच्या आत विटलेला. काल-परवा कुणी सही केली असती, तर ती सगळी एकाच रंगाची दिसली असती. ही सही जुना माउंट बसायच्या आधीची आहे. आता गुरुजींची बघा. कागदाचा काठ सोडून एवढी वर, अधांतरी. का? तर आधी माउंट ठेवला, मग उरलेल्या जागेत सही केली. चित्र बहिणीचं आहे."

गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. ते खुर्चीत बसले ते बसलेच.

"आणि फ्रेम बदलली कुणी?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"ज्याला मी शिकवलं, त्याने. माउंट खाली रुंद ठेवावा, नाहीतर चित्र घसरल्यासारखं दिसतं. हे गुरुजींना मान्य नाही, म्हणजे त्यांच्या शिष्यालाही नाही. गेल्या महिन्यात फ्रेमा निवडायला दोन दुपारी माझ्याकडे बसून हे एकीनेच ऐकलं." मावशी वळल्या. "काय गं पोरी?"

भाचीने फाइल खाली ठेवली. "हो. मीच कापला. कोपरे बिघडले, पण आईची सही दिसेल एवढी मधली खिडकी मोठी झाली."

"कृतघ्न!" गुरुजी ओरडले. "माझं खाऊन..."

"मामा, आईने तुमच्यापुढे हात जोडले होते. तुम्ही काय म्हणालात? 'तुझी सही आहे ना आत? पुसली थोडीच?' ती लोकांना चहा देत फिरायची आणि तुम्ही सांगायचात, बहीण रंग छान घोटून देते. शेवटच्या आजारपणातही ती हे चित्र मागत होती, एकदा बघायला. तुम्ही दिलं नाहीत. तेव्हाच ठरवलं होतं मी, तुमचं नाक तुमच्याच हाताने कापायला लावायचं. पोलिसांना मी नाही बोलावलं. तुम्ही बोलावलंत."

मावशी भडकल्या. "आणि माझ्या अंगावर का शेकवलंस? माझं दुकान उठलं असतं!"

"दुसरं कुणी असतं तर घाबरून गप्प बसलं असतं. तुम्ही बसणार नाही, याची खात्री होती. चुकलं माझं, मावशी. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन."

मावशींनी चष्मेवाल्याकडून भिंग परत घेतलं. राग होता, पण तो आता तिच्यावर टिकेना.

गुरुजी चाचरत इन्स्पेक्टरला म्हणाले, "घरचा मामला आहे हो. तक्रार मागे घेतो मी. खोट्या सहीचं ते... फाडून टाका."

इन्स्पेक्टरने पेन बंद करायला घेतलं. मावशींनी त्याच्या वहीवर हात ठेवला.

"फाडायचं कशाला? खोटी सही झालीच आहे, साहेब. फक्त उजवा कोपरा खोडा आणि तिथे डावा लिहा."